बारा वाजताचा उजेड

गेल्या नाताळात, २५ डिसेंबरला, सकाळी सातच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड आला तो थेट कढईवर. तेलाची वाफ पिवळीधमक दिसत होती, ताटातल्या पुऱ्यांच्या कडा चमकत होत्या. फोटोवाले ज्याला गोल्डन अवर म्हणतात, तो हाच. कॅमेरा चार्ज होऊन हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसला होता आणि माझे दोन्ही हात कणकेत होते.

माझं हे नेहमीचं आहे. मी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. फोटोंचा नाद लग्नाआधीपासूनचा, पण स्वतःचा असा कॅमेरा घेतला २०१९ मध्ये, भिशी लागली तेव्हा. कॅनन १५०० डी, सोबत दोन लेन्स, जवळची १८-५५ आणि लांबची ५५-२५०. नवरा म्हणाला, "एवढ्यात आटाचक्की आली असती." पुढच्या वर्षी आटाचक्कीही आली, पण तो टोमणा अजून चालू आहे. कॅमेऱ्याच्या बॅगेला सासरी सगळे 'वहिनीचं तिसरं लेकरू' म्हणतात. गाडीत बसताना आधी तिची जागा विचारतात, मग माझी.

आमच्या घरच्या सहलीचं गणित असं: सहाला निघायचं ठरतं. आंघोळी, देवपूजा, सासूबाईंच्या गोळ्या, दिराच्या गाडीच्या चाकात हवा. डबा असतोच, तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, सांबार घातलेली बटाट्याची भाजी (नागपूरबाहेरच्यांनी इथे कोथिंबीर वाचावं). तरी वाटेत तर्री-पोह्यांसाठी थांबावंच लागतं, कारण डबा हा 'तिथं पोचल्यावर' खायचा असतो. रामटेक आमच्या घरापासून पन्नासेक किलोमीटर. लग्नाला बावीस वर्षं झाली, आजवर एकदाही आम्ही गडावर साडेअकराच्या आत पोचलेलो नाही.

म्हणजे माझ्या वाट्याला उजेड येतो तो बारा वाजताचा.

फोटोग्राफीचं कुठलंही पुस्तक उघडा, कुठलाही व्हिडिओ लावा, पहिला सल्ला तोच: सूर्योदयाच्या तासात किंवा सूर्यास्ताच्या तासात फोटो काढा, भर दुपारी कॅमेरा बॅगेतच राहू द्या. बरोबर आहे सल्ला. फक्त त्या सल्ला देणाऱ्यांच्या घरी पुऱ्या कोण तळतं, हे एकदा विचारायचं आहे मला. आणि संध्याकाळचं म्हणाल, तर उन्हं उतरायला लागली की सासऱ्यांना परतीचे वेध लागतात. "अंधार पडून राहिला, चला." सोनं वाटेत गाडीच्या काचेतून वाहून जातं.

गंमत अशी की माझ्या वडिलांना बारा वाजताच फोटो काढायचा असे. त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनलेला, काळा डबाच तो. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी. शटरचा वेग ठरलेला. ठरवायचं काय, तर सूर्याचं चित्र की ढगाचं चित्र, एवढंच. त्या कॅमेऱ्याला ऊन लागायचंच. तेव्हा बाबांचा नियम एकच: आपल्या पाठीवर ऊन घ्यायचं आणि समोरच्याच्या तोंडावर पाडायचं. आमचा सगळा जुना अल्बम पाहिला तर हे कुटुंब जन्मतः मिचमिच्या डोळ्यांचं असावं असं वाटेल. अंबाझरीला आई डोळे मिटून, सेवाग्रामला मी डोळे मिटून, दीक्षाभूमीसमोर मामा एक डोळा मिटून. बारात एखादा फोटो हलला, तर बाबा आठ दिवस हळहळायचे. "एक गेला" म्हणायचे, माणूस गेल्यासारखं.

रोलच्या खोक्याच्या आतल्या बाजूला छोटी चित्रं छापलेली असायची, लख्ख सूर्य, ढगाआडचा सूर्य, नुसता ढग, आणि प्रत्येकासमोर आकडे. बाबांच्या कॅमेऱ्यात ते आकडेच नव्हते, त्यामुळे ते खोकं त्यांच्या काही कामाचं नव्हतं. मी मात्र ती जमवायचे. त्यातला पहिला आकडा, लख्ख उन्हाचा, पुढे मला 'सनी सिक्स्टीन' या नावानं भेटला. स्वच्छ ऊन असेल तर लेन्सचं छिद्र एफ/१६ ठेवायचं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि शटर आयएसओइतकं, म्हणजे उजेड टिपायच्या क्षमतेच्या आकड्याइतकं: आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. मोजमाप लागत नाही, आकाशातला दिवा सगळ्यांना सारखाच. नागपूरच्या आकाशात तर हा नियम वर्षातले आठ महिने डोळे झाकून चालतो.

तो १६ कुठून आला, हे वर्गात सांगायला मला फार आवडतं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पोरांना विचारते, या ओळीत काय चाललंय? पहिल्या बाकावरचा हुशार पोरगा म्हणतो, एक सोडून एक दुप्पट. मागच्या बाकावरची कुणीतरी म्हणते, वर्गमूळ दोननं गुणत जायचं. हाव, तेच. छिद्राचा व्यास मूळ दोनच्या पटीत बदलला की क्षेत्रफळ दुपटीत बदलतं, म्हणजे उजेडही. √२ हा आकडा कशासाठी शिकायचा, या वार्षिक प्रश्नाला माझ्याकडे हे एक उत्तर आहे, बाकी खरं सांगायचं तर फारशी नाहीत.

तर बारा वाजताचं ऊन. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी घरच्यांची वेळ बदलायचा प्रयत्न केला. अलार्म लावले, रुसले, एकदा एकटीच पुढे गेले. काही झालं नाही. मग शिक्षिकेला शोभेल असं केलं, कागद-पेन घेतलं.

आपल्याकडचं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं. नागपूर साधारण ७९.१ वर. फरक ३.४ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य साडेतेरा मिनिटं उशिरा. त्यात ऋतूनुसार थोडं मागेपुढे. मे महिन्याच्या शेवटी इथला खरा मध्यान्ह साधारण १२ वाजून १० मिनिटांनी होतो. २६ मेच्या आसपास तर सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस. एका वर्षी मी गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून पाहिलं. सव्वाबाराच्या जरा आधी त्याची सावली नाहीशी झाली. पेला गच्चीवर तरंगत ठेवल्यासारखा दिसत होता. शेजारी पोराला उभं करून फोटो घेतला. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या, नाकाची सावली ओठावर अशी पडली की सहावीतल्या पोराला मिशी फुटली. पंचेचाळीसच्या पुढचं तापमान, पायाखाली चटके, आणि तो ओरडून राहिला, "मम्मी, झालं का?"

हे झालं मे महिन्याचं. आता डिसेंबर. ९० मधून नागपूरचे २१ अंश अक्षांश वजा करा, मग सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो ते साडेतेवीस वजा करा. राहिले साडेपंचेचाळीस. म्हणजे नाताळात नागपुरात भर मध्यान्हीसुद्धा सूर्य अर्ध्या आकाशातच असतो. ४५ अंशाला सावली वस्तूच्या उंचीइतकी. ४५ अंशावरून, जरा बाजूनं येणारा उजेड हा चेहऱ्यासाठी उत्तम, हे स्टुडिओवाले दिवा लावताना पाळतात तेच. आमच्या घरच्यांना मी सकाळी लवकर उठवू शकत नव्हते, पण बारा वाजताचा सूर्य दर महिन्याला वेगळ्या ठिकाणी असतो, हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली. त्यानंतर मी वेळेचा नाद सोडला आणि महिना बदलला. आमच्या सहली आता दिवाळी ते फेब्रुवारी. घरच्यांना वाटतं उन्हाळा सोसत नाही म्हणून. वाटू द्या.

आणि काही जागा अशा आहेत की तिथे बाराचीच वेळ हवी. भेडाघाट घ्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेलो होतो, सिवनीमार्गे जबलपूर. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातून निघायचं तर दिराला पोहे-जिलेबी आठवली, जिलेबीवरून जावेला साडीचं दुकान आठवलं. नावेत बसलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि मी तोंड पाडून बसले होते. नर्मदा तिथे संगमरवराच्या शंभरेक फुटी भिंतींमधून वाहते. नावाडी यमकं जुळवत खडकांची चित्रं दाखवत होता, हा हत्ती, ही गाडी, हा साधू, आणि दर तिसऱ्या ओळीला सासू-सुनेचा विनोद, त्याला आमच्या सासूबाई सगळ्यात मोठ्यानं हसत होत्या.

बंदरकूदनीपाशी घळ अरुंद होते. तिथे माझ्या ध्यानात आलं की इथे सकाळी नऊला आलो असतो तर एक भिंत काळी आणि एक पांढरी दिसली असती. आता ऊन घळीत खालपर्यंत उतरत होतं, पाण्यावर आपटून परत भिंतींवर चढत होतं. खडकाच्या खालच्या अंगावर, जिथे कधीच ऊन जात नाही, तिथे उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. पहिले दहा-बारा फोटो तरी वाया गेलेच. संगमरवर राखेसारखा आला. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम राखाडी असावं असं वाटतं, पांढरं दिसलं की तो दबकतो. उजेड एक पायरी वाढवून, प्लस एक करून घेतलं, मग दगड दगडासारखा दिसला. नाव वळवताना नवरा म्हणाला, "चांगलं आलं ना? मग सकाळपासून तोंड काऊन पाडलं होतं?" उत्तर नव्हतं. साडीच्या दुकानाचे आभार मानायचे बाकी आहेत.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. आमच्या खानदानाला पहाटे उठवू शकणारी जगात एकच गोष्ट आहे, ताडोब्याचं गेट. ते कुणाच्या पूजेसाठी थांबत नाही. फेब्रुवारीत मोहर्लीला गेलो, सगळे साडेपाचला कानटोप्या घालून जिप्सीत. आत मोबाइल नेता येत नाही, ते बाहेरच ठेवून आलो. म्हणजे आठ जणांच्या गाडीत फोटो काढू शकणारी मी एकटी, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात पहाटेचा उजेड. दीर वळून म्हणाले, "वहिनी, आज तुमच्यावरच आहे."

बांबूच्या वळणावर सांबराचा आवाज आला (हे सांबर खरं, कोथिंबीर नव्हे). गाइडनं हात वर केला. वाघीण रस्त्यावर आली, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि चालत राहिली, शांत, बाजारातून परतणाऱ्या बाईसारखी. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याचा नेहमीचा आवाज असतो 'खट'. त्या दिवशी आवाज आला 'ख', मग बराच वेळ काही नाही, मग 'ट'.

एफ/११, आयएसओ १००. माझी दुपारची सवय. बांबूखालच्या त्या वेळच्या उजेडात त्याचं शटर होतं अर्ध्या सेकंदाचं. बाराच्या उन्हाला सरावलेली बाई सकाळी सकाळी शंभर-दीडशे पट कमी उजेडात उभी होती आणि कॅमेऱ्याच्या चाकाला हात लावायचं तिला सुचलं नाही. आयएसओ वाढवून छिद्र मोठं केलं तोवर शेपटी बांबूत गेली. माझ्याकडे वाघिणीचे चार फोटो आहेत. चारही फोटोंत रस्त्यावर कुणीतरी संत्रा बर्फी पुसून काढल्यासारखं दिसतं. जिप्सीत कुणी काही बोललं नाही. घरी आल्यावर मात्र बोलले, आणि अजून बोलतात. लग्नकार्यात नवीन पाहुणा भेटला की दीर सांगतात, "आमच्या वहिनींनी वाघ काढला आहे, दाखवा ना वहिनी."

असो. रामटेकला येते.

त्या २५ डिसेंबरला गडावर पोचलो ते बाराला पाच कमी असताना. सुट्टीचा दिवस, गर्दी भरपूर. काळ्या तोंडाची वानरं पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना टोलनाक्यासारखी बसलेली. जावेच्या हातातली प्रसादाची पिशवी एकानं इतक्या सराईतपणे काढून घेतली की तिला कळलं तेव्हा ते पिशवीची गाठ सोडत होतं. वराहाच्या मूर्तीखालून सगळे एकेक करून गेले. पापी माणूस अडकतो म्हणतात. दीर अडकले, पण ते पोटामुळे, असं त्यांचं म्हणणं. आत अंधार, मी आयएसओ १६०० केला (ताडोब्यानं एवढं शिकवलं) आणि त्यांचे फक्त पाय बाहेर असलेला फोटो घेतला. वाघाच्या गोष्टीला आता माझ्याकडे उत्तर आहे.

बरोबर सव्वाबाराच्या जरा आधी मी पुतण्याला फरसबंदीवर उभं केलं. पर्समधून शिवणाची टेप काढली. उंची १३२ सेंटीमीटर. सावली १३१. मी तिथेच खाली बसून दोनदा मोजली. मला झालेला आनंद आसपासच्या कुणालाही समजावून सांगता येण्यासारखा नव्हता.

"काय करून राहिली वं?" सासूबाई तटाजवळच्या सावलीतून ओरडल्या. "पोट्टे उपाशी अन् तू सावली मोजून राहिली?"

डबे उघडले. त्यांनी सावलीच्या अगदी कडेला बसकण मारली होती, म्हणजे अंगावर सावली आणि गुडघ्यांपुढे ऊन. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, अर्धं उन्हात. पुऱ्या झाल्यावर त्यांनी पिशवीतून संत्री काढली. दिवस अंबिया बहाराचे, वाटेत रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले, तिथूनच डझनभर घेतलेली.

मी चौथी पुरी खात होते आणि माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. सावलीत असूनही ते उजळलं होतं. हनुवटी, नाकाची खालची बाजू, डोळ्यांच्या खोबण्या, मे महिन्यात जिथे काळं पडतं नेमकं तिथे उजेड होता. वर्तमानपत्रावरचं ऊन उलटून वर येत होतं. असा उलटा उजेड पाडायला लोक दुकानातून चंदेरी पडदे विकत आणतात. इथे कालच्या पेपरचं काम चाललं होतं, वर तेलाचे डाग.

पुरी डब्यात टाकली, हात साडीला पुसला (त्याचं नंतर ऐकून घेतलं), ५५-२५० लावली. एफ/५.६, सेकंदाचा पाचशेवा भाग. त्यांनी अंगठ्याचं नख देठाशी खुपसलं. साल वाकली आणि तिच्यातून तेलाचा एक बारीक फवारा उडाला. एरवी तो दिसत नाही, फक्त वास येतो आणि डोळे झोंबतात. पण ऊन पलीकडून येत होतं आणि मागे तटाचा काळा दगड होता. फवारा दिसला. एकेक कण वेगळा. त्यांच्या अंगठ्यावरून निघून बांगड्यांवरून जाणारा, कापसाच्या धाग्यासारखा, मग काहीच नाही.

एकच फोटो मिळाला तसा. पुढची तीन संत्री मी त्यांना मुद्दाम सोलायला लावली, पण त्या कॅमेऱ्याकडे पाहू लागल्या आणि साल सावकाश, फोटोसाठी काढल्यासारखी काढू लागल्या. बाबांच्या अल्बमातल्या माणसांसारखे डोळेही मिचकावले.

सीताबर्डीवरून त्याची आठ बाय बाराची प्रिंट काढून आणली. घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकला तेव्हा नऊ अंगठे आले होते आणि दिराच्या पायांच्या फोटोला चाळीसेक हसरे चेहरे, त्यामुळे माझी फारशी अपेक्षा नव्हती. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून सासूबाई दिवाणावर बसल्या, तेव्हा त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. प्रिंट दिव्याजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली. स्वतःच्या हातांवरून, बांगड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मी उभीच.

"हा संत्रा आंबट होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं त्या पोट्ट्याले, चाखून दे म्हणून."